घानात कामाआधी रामराम

पश्चिम आफ्रिकेतल्या घानाच्या राजधानीत, अक्रात, माकोला बाजारात एक बाई टोमॅटोचे ढीग लावून बसली आहे. तुम्ही जाता आणि विचारता, "कसे दिले?" ती तुमच्याकडे बघते, जरा थांबते आणि म्हणते, "गुड मॉर्निंग." तिला ऐकू आलं नसेल असं वाटून तुम्ही पुन्हा भाव विचारता. ती पुन्हा, या वेळी जरा ठासून, "गुड मॉर्निंग." तिला पहिल्यांदाच सगळं ऐकू आलेलं असतं. तुमचं काय राहून गेलं, एवढंच ती सांगत असते.

घानाला जाणाऱ्यांसाठी जे लिहिलं जातं, त्यात बहुतेक वेळा 'हे करा, ते करू नका' अशी यादी असते. यादी चुकीची नसते, पण ऐनवेळी आठवत नाही. शिवाय तीस नियम पाठ करून गेलेला माणूस एकतिसाव्या प्रसंगात गोंधळतोच. त्यापेक्षा त्यामागचा विचार समजून घेतलेला बरा, आणि तो एका ओळीत मावतो: समोरचा माणूस आधी, त्याच्याकडचं काम नंतर. डाव्या हाताचा नियम असो, पाहुणचाराची रीत असो की राजदरबार, सगळं या एका धाग्याला धरून आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. 'घानाचे लोक' म्हणजे एकच एक समाज नव्हे. २०२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३ कोटी ८ लाखांच्या आसपास भरली. त्यातले निम्म्याच्या जवळपास अकान. अशांती आणि फांती हे त्यांच्यातलेच. अक्राच्या किनाऱ्यावर मूळचे गा लोक, पूर्वेला एवे, उत्तरेला तामाले शहराच्या बाजूला दागोम्बा आणि इतर अनेक. दक्षिणेत ख्रिस्ती जास्त, उत्तरेत मुसलमान. सरकारी भाषा इंग्रजी, पण बाजारात आणि रस्त्यावर सर्वांत जास्त कानावर पडते ती अकानांची त्वी भाषा. पुढे जे शब्द येतील ते बहुतेक त्वीतले आहेत. उत्तरेत शब्द बदलतात, रीत मात्र फारशी बदलत नाही.

रामराम कुणी, कुणाला, कसा

सकाळी 'माचे', दुपारी 'माहा', संध्याकाळी 'माज्वो'. एवढे तीन शब्द आले की अर्धी लढाई जिंकलीत. मग 'एते सेन?' म्हणजे कसं काय, आणि उत्तर 'एये', म्हणजे बरं आहे. उत्तरेत दागोम्बांच्या मुलखात कुणी काहीही विचारपूस केली तरी 'ना' हे उत्तर बहुतेक ठिकाणी चालून जातं. आपल्या कानाला तो नकार वाटतो, तिथे तो होकार आहे.

आता बारकावा. जो बाहेरून येतो त्याने आधी बोलायचं. बसलेल्यांनी उठून तुमचं स्वागत करावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. चालत जाताना अंगणात कुणी बसलेलं दिसलं तरी, ओळख नसली तरी, रामराम घालायचा. आपल्याकडे खेड्यात हे अजून आहे. पुण्या-मुंबईत जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याकडे आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बघतही नाही. त्यामुळे मराठी माणसाला घानात पहिली अडचण नेमकी इथेच येते. ऑफिसच्या दारावरचा रखवालदार, हॉटेलातली झाडू मारणारी बाई, ट्रोट्रोची वाट बघत उभे असलेले लोक, यांना ओलांडून थेट 'साहेब आहेत का' म्हणणं हा उर्मटपणा. ट्रोट्रो म्हणजे तिथली वडाप: खच्चून भरलेली मिनीबस आणि दारात लटकून ठिकाणांची नावं ओरडणारा पोरगा.

चार-सहा जण ओळीने बसले असतील तर हस्तांदोलन उजवीकडून सुरू करून डावीकडे जायचं. मधल्याच ओळखीच्या माणसाचा हात आधी धरला तर बाकीच्यांना ते खटकतं. तरुण मंडळी हात सोडताना एकमेकांची मधली बोटं अडकवून चुटकी वाजवतात. जमली नाही तर हसतात आणि पुन्हा शिकवतात. वडीलधाऱ्यांशी मात्र चुटकी नाही. त्यांनी हात पुढे केला तरच आपण करायचा, आणि जरा वाकायचं.

माझा सर्वांत आवडता शब्द म्हणजे 'आयेको'. कुणी काम करत असेल, शेतात खणत असेल, उखळात फुफू नावाचं जेवण कुटत असेल, रस्त्यात टायर बदलत असेल, तर जाता जाता त्याला 'आयेको' म्हणायचं. अर्थ साधारण 'शाबास, चांगलं चाललंय'. तो घाम पुसत 'या ए' म्हणून दाद देतो. अनोळखी माणसाच्या कष्टाची चालता चालता दखल घेणारा असा एकशब्दी रामराम मराठीत मला तरी सापडलेला नाही.

तसाच 'कोसे'. तुम्ही ठेचकाळलात तर चार दिशांनी 'कोसे, कोसे' किंवा इंग्रजीत 'सॉरी, सॉरी' ऐकू येतं. ढकललं कुणीच नव्हतं. ती माफी नसते, 'अरेरे, लागलं का' असं असतं.

विनंतीचा शब्द 'मेपाओचेव'. शब्दशः अर्थ 'तुमच्यापुढे टोपी काढतो'. वाक्याच्या सुरुवातीला हा असतोच, आणि घानाच्या इंग्रजीतही तो 'प्लीज' होऊन उतरला आहे. 'प्लीज, येस', 'प्लीज, नो', 'प्लीज, माझं नाव अमुक'. आपल्याला तो जास्तीचा वाटतो, तिथे तो नसला तर वाक्य उघडं पडतं.

डावा हात

इथे आपल्याला वाटतं, हे तर आम्हाला येतं. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, जेवायचं उजव्या हाताने, दक्षिणा उजव्या हाताने. येतं, पण अर्धंच. घानात नियम जास्त लांबवर जातो. पैसे डाव्या हाताने द्यायचे नाहीत, सुटे डाव्या हाताने घ्यायचे नाहीत, टॅक्सीला डावा हात करायचा नाही, लांबून कुणाला डाव्याने टाटा करायचा नाही. आणि पत्ता सांगताना डाव्या हाताने दिशाही दाखवायची नाही.

दिशेचा हा भाग इतका गमतीचा आहे की भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. सोतारो किता आणि जेम्स एसेगबे यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात घानातली माणसं पत्ता कशी सांगतात ते टिपलं आहे. रस्ता डावीकडे वळत असला तरी उजवाच हात छातीवरून आडवा नेऊन डावीकडे दाखवायचा, त्यासाठी वेळ पडली तर अंग पिळायचं, आणि डावा हात अनेकदा पाठीमागे कमरेवर ठेवून द्यायचा. पाठीशी नेलेला तो हात म्हणजे समोरच्याचा मान. तुम्हाला रस्ता सांगणारे आजोबा असे उभे राहिले तर त्यांची कंबर दुखत नाहीये.

उजव्या हातात पिशव्या असतील तर? पिशवी खाली ठेवा. अगदीच अशक्य असेल तर 'डाव्याबद्दल माफ करा' असं म्हणून द्या. असं म्हणण्याची तिथे पद्धतच आहे आणि ते चालतं. डाव्या हाताने लिहिणाऱ्या पाहुण्याला कुणी अडवत नाही. मुद्दा दुसऱ्यापुढे हात करण्याचा आहे.

घरी गेल्यावर

दार उघडं असलं तरी थेट आत शिरायचं नाही. बाहेरून 'आगो!' अशी हाक द्यायची. आतून 'आमे!' आलं की पाऊल टाकायचं. ही हाक म्हणजे तोंडाने वाजवलेली कडी.

आत गेलात की बसायला देतात. मग पाणी येतं. तहान नसली तरी पेला हातात घ्या, घोटभर प्या. पाणी पिऊन झाल्यावरच यजमान 'अमाने' विचारतात, म्हणजे येण्याचं कारण. ही तिथली जुनी, बांधीव रीत आहे. आधी यजमान सांगतात, 'इथे सगळं बॉकॉ', म्हणजे इकडे सगळं शांत, क्षेमकुशल. आता तुमचं सांगा. मग पाहुणाही 'बॉकॉ' म्हणतो, वाईट बातमी घेऊन आलो नाही अशी खात्री देतो, आणि मग हळूहळू मुद्द्यावर येतो. गूळपाणी पुढे करून, वाटेची विचारपूस झाल्यावर 'काय काम काढलंत?' असं विचारणारं मराठी घर ज्याने पाहिलं आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की आपण ते सोडत आलो, आणि तिथे लग्नाच्या बोलणीपासून राजवाड्यापर्यंत अमाने अजून रीतसर चालतं.

निघतानाही उठून चालायला लागायचं नसतं. 'मेस्रे क्वान' म्हणायचं: 'रस्ता मागतो'. यजमानांनी रस्ता दिला की निघायचं. ते तुमच्याबरोबर चार पावलं, कधी पार नाक्यापर्यंत येतात. 'नको, नको, तुम्ही बसा' असं म्हणून त्यांना अडवू नका. पोचवणं हा पाहुणचाराचाच भाग आहे.

आणखी एक गंमत. घानाचा माणूस खोलीतून बाहेर पडताना इंग्रजीत म्हणतो, 'आय ॲम कमिंग.' युरोपातले पाहुणे चक्रावतात, की हा चाललाय बाहेर आणि म्हणतोय येतो! मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याला आजीने शिकवलेलं आहे.

ताटावर

कुणी जेवत असताना तुम्ही समोर आलात तर तो म्हणतो, 'यू आर इन्व्हायटेड'. खरंच बसायचं का? बहुतेक वेळा नाही. 'या जेवायला' म्हटल्यावर आपण 'होऊ द्या, सावकाश' म्हणतो, तसंच त्यालाही ठरलेलं उत्तर आहे: 'मे न्सा वॉ मू', माझा हात ताटात आहेच. म्हणजे जेवलो असं समजा. उलट बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही बसमध्ये डबा उघडलात तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पहिला घास घेऊ नका.

जेवण हाताने, उजव्या. आधी हात धुवायला भांडं येतं. फुफू हा उकडलेला कसावा आणि कच्ची केळी उखळात कुटून केलेला लुसलुशीत गोळा असतो आणि तो रश्शात बुडालेला येतो. आपला साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो, तोच हा कसावा. भाकरीसारखा तोडायचा नाही. बोटांनी चिमटून छोटा घास काढायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावत बसलात तर सगळं घर हसेल.

शाकाहारी लोकांसाठी जरा स्पष्टच बोलतो. 'मांस नको' असं सांगितलंत तर मासा येईल, कारण मासा वेगळा धरतात. 'मांस नाही, मासा नाही, सुकटही नाही' असं तिन्ही सांगावं लागतं, आणि ते सुरुवातीलाच. ताट पुढे आल्यावर नाक मुरडणं वाईट दिसतं. पोटापाण्याचे मार्ग मात्र आहेत. 'रेड रेड' म्हणजे लाल पामतेलातली चवळी आणि तळलेली पिकली केळी. 'वाचे' म्हणजे चवळी घातलेला भात, ज्वारीच्या पानांनी तांबूस रंगवलेला. त्यावर जे वाढतात त्यात मासा असतो, म्हणून नुसता भात मागा. आणि 'कोंटोमिरे' ही अळूच्या भावकीतल्या पानांची भाजी. सुकी मासळी न घालता कुणी करून दिली तर फदफद्याची आठवण येईल, फक्त चिंचगुळाची जागा तिखटाने घेतलेली असेल.

राजापुढे

घाना प्रजासत्ताक आहे, पण पारंपरिक राजे आणि गावप्रमुख यांना राज्यघटनेने मान्यता दिलेली आहे आणि लोकांच्या मनात त्यांचं वजन मोठं आहे. अशांतींचे राजे, असांतेहेने ओसेई टूटू दुसरे, १९९९पासून कुमासी शहरातल्या मान्हिया राजवाड्यात गादीवर आहेत. प्रवाशाची गाठ बहुधा एखाद्या गावच्या प्रमुखाशी पडते. गावात राहायचं, जंगल किंवा देवराई बघायची, काही अभ्यास करायचा, तर आधी त्यांच्याकडे जाऊन यायचं असतं.

तिथली मुख्य गोष्ट ही, की राजाशी थेट बोलायचं नाही. मध्ये 'ओचियामे' असतो, हातात सोनेरी मुठीचा दंड घेतलेला. तुम्ही त्याला सांगायचं, तो राजाला सांगणार. राजे तीन हातांवर बसून सगळं ऐकत असले तरी. हा दुभाषी नव्हे, कारण भाषा दोघांचीही एकच असू शकते. शब्दांची धार बोथट करून ते मांडणं हे त्याचं काम. राजाच्या तोंडून अविचाराचा शब्द थेट जाऊ नये आणि पाहुण्याचा उद्धट शब्द थेट पोचू नये, ही त्यामागची सोय. पायावर पाय टाकून बसायचं नाही, हात खिशात नाहीत, टोपी काढायची. रिकाम्या हाताने जायचं नाही. दक्षिणेत प्रथा श्नॅप्स या डच मद्याची बाटली नेण्याची. किनाऱ्यावरच्या डच व्यापारातून आलेली ही वस्तू आता पितरांना अर्पण करण्याचं पेय होऊन बसली आहे. त्यातलं थोडं जमिनीवर ओततात आणि पूर्वजांची नावं घेतात. चित्राहुती घालणारे आजोबा पाहिलेल्यांना हे परकं वाटू नये. उत्तरेत बाटलीऐवजी कोला नावाचं कडवट बी नेतात, आणि तिथे राजा स्टुलावर नव्हे, जनावराच्या कातड्यावर बसतो.

स्टुलावरून आठवलं. अकानांमध्ये स्टूल ही नुसती बसायची वस्तू नाही. सांगितल्याशिवाय कुणाच्याही स्टुलावर बसू नये. आणि अशांतींचं 'सुवर्ण स्टूल' तर साऱ्या राष्ट्राचा आत्मा मानलं जातं. पुरोहित ओकोम्फो आनोचे यांनी ते आकाशातून उतरवलं आणि पहिल्या ओसेई टूटूंच्या मांडीवर येऊन टेकलं, अशी कथा आहे. त्यावर राजाही बसत नाही. १९००च्या मार्चमध्ये ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासीला आला. राजा प्रेंपे यांना इंग्रजांनी आधीच, १८९६मध्ये, देशाबाहेर नेलेलं होतं. जमलेल्या प्रमुखांसमोर हॉजसनने विचारलं, की ते सुवर्ण स्टूल कुठे आहे, मी या क्षणी त्यावर का बसलेलो नाही? प्रमुख शांतपणे उठून घरी गेले आणि लढाईची तयारी सुरू झाली. नेतृत्व केलं एजिसूच्या राजमाता या असांतेवा यांनी. गव्हर्नर कुमासीच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि जूनमध्ये कसाबसा निसटला. इंग्रजांनी पुढे मुलूख जिंकला, या असांतेवांना सेशेल्स बेटांवर धाडलं, १९२१मध्ये त्या तिथेच वारल्या. पण स्टूल इंग्रजांच्या हाती लागलं नाही. प्रमुखांना त्या एका प्रश्नात सगळं कळलं होतं: या माणसाला आपण दिसतच नाही, फक्त सोनं दिसतं.

मयताला बोलावणं

घानात चार आठवडे राहिलात तर कुणीतरी तुम्हाला अंत्यविधीचं आमंत्रण देईलच, आणि मराठी मन इथे सर्वांत जास्त बिचकेल. आपल्याकडे मयताला बोलावत नाहीत, लोक येतात. तिथे भिंतींवर मृताचे रंगीत पोस्टर लागतात, तयारीला आठवडे, कधी महिने जातात, शनिवार ठरतो, मांडव पडतो, स्पीकर येतो, जेवण असतं, नाच असतो. अक्राजवळच्या टेशीत तर माणसाच्या धंद्याप्रमाणे शवपेट्या घडवतात: कोळ्यासाठी मासा, कोको पिकवणाऱ्यासाठी कोकोची शेंग. हे दुःखाचं नाटक नाही. पितरांकडे निघालेल्याला रिकाम्या मांडवातून धाडणं हा त्याचा अपमान समजतात.

कपडे काळे किंवा काळे-लाल. मृत व्यक्ती चांगली पिकल्या वयाची असेल तर पांढरं-काळं किंवा पांढरं, कारण तिथे पांढरा रंग आनंदाचा आहे. म्हणून आपल्या सवयीने पांढरा कुडता चढवण्याआधी विचारून घ्या. बसलेल्या घरच्यांशी उजवीकडून डावीकडे हस्तांदोलन करत जायचं. मग टेबलापाशी यथाशक्ती पैसे द्यायचे. तिथे नाव लिहून घेतात, पावती देतात, कधी माइकवरून पुकारतातही. लाजू नका, लग्नातला आपला आहेर असाच वहीत लिहिला जातो.

ओब्रोनी, आणि आपण

पोरं मागून ओरडतील, 'ओब्रोनी!' शब्दाचा रोख गोऱ्या परदेशी माणसावर, पण उजळ रंगाच्या कुठल्याही पाहुण्याला तो चिकटतो. जन्मभर घरात 'सावळा' म्हणवून घेतलेल्या मराठी माणसाला तो ऐकून हसू येईल. ही शिवी नव्हे. हसून 'ओबिबिनी' म्हणा, म्हणजे आफ्रिकी माणूस, पोरं खूश.

भारतीयांना तिथे ओळखतात. सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं जुनी आहेत, आणि अलीकडे हिंदी मालिका त्वीत डब होऊन घराघरांत पोचल्या. पण दुसरी बाजूही माहीत असावी. २०१६मध्ये अक्राच्या घाना विद्यापीठात राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते गांधीजींचा पुतळा उभा राहिला आणि डिसेंबर २०१८मध्ये तो तिथून हलवण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात गांधीजींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं, त्यावर प्राध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा आक्षेप होता. तुमचं मत काहीही असो, रंगाबद्दल आपण घरात सहज जे बोलतो ते तिथे विनोद म्हणूनही बोलू नका. आणि भांडणात इंग्रजी 'फूलिश', 'सिली', 'स्टुपिड' हे शब्द जिभेवर आले तर गिळा. आपल्याकडे ते शाळेतल्या बाईही वापरतात. घानात त्याने हाणामारीची वेळ येते.

फुटकळ, पण महागात पडणाऱ्या दोन-तीन गोष्टी: लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांना घालायला बंदी आहे, ती पँट घरी ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा. सैनिक आणि सरकारी इमारतींचा तर काढूच नका. केप कोस्ट आणि एल्मिना इथल्या किल्ल्यांच्या तळघरांत गुलामांना कोंडत असत. तिथे सेल्फीसाठी दात दाखवणारा माणूस सगळ्यांना नकोसा होतो. गा लोकांच्या होमोवो सणाआधी, साधारण मे-जूनमध्ये, अक्रात महिनाभर ढोल आणि गोंगाट बंद असतो. आणि मंगळवारी किनाऱ्यावरचे गा आणि फांती कोळी समुद्रात होडी घालत नाहीत, तो समुद्राचा दिवस. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे लगेच पटेल.

शेवटी एक तयारी इथूनच करून जा. अकान मुलाला जन्मवारावरून नाव मिळतं. शुक्रवारचा कोफी, म्हणून संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान. शनिवारचा क्वामे, म्हणून १९५७मध्ये देश स्वतंत्र करणारे क्वामे एन्क्रूमा. आणि त्या राजमाता 'या', म्हणजे गुरुवारच्या. रविवारचा मुलगा क्वासी किंवा मुलगी अकोसुआ, सोमवारचा क्वाजो किंवा अज्वा, मंगळवारचा क्वाबेना किंवा अबेना, बुधवारचा क्वाकू किंवा अकुआ, गुरुवारचा मुलगा याव, शुक्रवारची मुलगी अफुआ, शनिवारची अमा. पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी विचारणारच, तुझा वार कोणता? बुधवार म्हणालात की त्या क्षणापासून ओब्रोनी संपला, तुम्ही क्वाकू. पाश्चात्त्य पाहुण्यांना हा वार इंटरनेटवर शोधावा लागतो. आपल्या पत्रिकेत तो लिहिलेलाच असतो.